हिंज आणि बॅटरी घरी बदलली, आता उजवा स्पीकर बंद आणि डावा फरफरतोय: कुठून बघायला सुरुवात करायची

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. ऐरोलीला राहतोस, पंधरा इंची लॅपटॉप, चारेक वर्षं जुना, उजव्या बाजूचं हिंज, म्हणजे स्क्रीनचं बिजागर, तुटलेलं आणि बॅटरी फुगलेली. दोन्ही पार्ट ऑनलाइन मागवलेस, व्हिडिओ बघत बघत घरीच बसवलेस, लॅपटॉप चालू झाला, चार्जही होतोय. फक्त उजवा स्पीकर एकदम गप्प आणि डावा चाळीसच्या वर नेला की फरफरायला लागतो. हेडफोनवर आवाज क्लीन. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला, विंडोज रिसेट मारून झालं, फरक शून्य. आणि शेवटी विचारलंयस की दादा, साउंडची आयसी, म्हणजे चिप, गेली का.

बहुतेक नाही गेली. ठाण्याला नौपाड्यात माझं छोटं रिपेअरिंगचं काउंटर आहे, अठरा-एकोणीस वर्षं झाली, आणि घरी उघडून मग माझ्याकडे आणलेले लॅपटॉप मी इतके बघितलेत की आता पहिला प्रश्न एकच विचारतो: उघडायच्या आधी आवाज नीट होता का? होता ना. मग बिघाड तिथेच आहे जिथे तुझा हात गेला. हात ड्रायव्हरपर्यंत गेलाच नव्हता, मग तिथे तीन दिवस कशाला घालवलेस. कुठले स्क्रू काढले, कुठली तार बाजूला सारली, काय उचललं, काय परत दाबलं, ते आठवून एका कागदावर लिही आणि त्याच रस्त्याने उलटं मागे ये.

तरी सॉफ्टवेअरची शंका एकदा कायमची मिटवून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, तिथे स्पीकरवर क्लिक केलं की लेफ्ट आणि राइट चॅनलच्या वेगळ्या पट्ट्या दिसतात, उजवी शून्यावर तर नाही ना बघ. हसू नकोस, अशी एक केस मी स्वतः दोन तास उघडून बसलो होतो. नंतर विंडोजच्या बाहेर टेस्ट कर. डेलमध्ये चालू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीमध्ये एफ२, तिथे बऱ्याच मॉडेलला स्पीकरची टेस्ट असते. तुझ्यात ती नसेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट लिनक्स सिस्टम, टाकून इन्स्टॉल न करता नुसतं चालव आणि साउंड सेटिंगमधून डावा-उजवा वाजवून बघ. इथे एक गोम आहे. उबुंटूत दोन्ही वाजले तर हार्डवेअर ठीक, विषय संपला. पण नाही वाजले म्हणून हार्डवेअर गेलं असं नसतं, कारण हल्ली काही लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळी स्मार्ट अँप्लिफायरची चिप असते आणि तिला तिचा खास ड्रायव्हर लागतो, लिनक्समध्ये ती कधी कधी जागीच होत नाही. साध्या मशीनमध्ये रिअलटेकची एएलसी२५५, एएलसी२५६ अशी काहीतरी चिप असते, अँप्लिफायर तिच्या पोटातच असतो आणि ती विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवरही वाजते.

हेडफोन लावून काढल्यावर दोन्ही स्पीकर गप्प झाले असते तर मी जॅकवर संशय घेतला असता. जॅकच्या आत एक बारीक पत्ती असते, ती अडकली की लॅपटॉपला वाटतं पिन अजून आतच आहे. तुझा डावा वाजतोय, म्हणजे ती भानगड नाही, सोडून दे.

आता उघडायचं. चार्जर काढ, बंद कर, मागचं कव्हर काढलं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढ आणि पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धर. हे टाळू नकोस. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी लागलेली असेल तर बोर्डवर काही लाइन जिवंत असतात. मी धंद्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बॅटरी तशीच ठेवून मीटरची टोकं स्पीकरच्या पिनांवर लावायला गेलो, टोक घसरलं, बारीकशी ठिणगी आणि साउंड कायमचा बंद. चिप बदलायचा खर्च माझ्या खिशातून गेला आणि त्या दिवशी वडापाववर भागवलं.

ही ठिणगी का पडते ते समजलं तर तुझी केस अर्धी सुटेल, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याला वाटतं स्पीकरच्या दोन तारा म्हणजे एक प्लस आणि एक ग्राउंड, जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये बऱ्याचदा असायचंही तसं. लॅपटॉपमध्ये तसं नसतं. इथे अँप्लिफायर दोन्ही तारा चालवतो, एक ढकलतो तेव्हा दुसरी ओढतो, दोघींपैकी ग्राउंड कोणीच नाही. त्यामुळे त्यातली कुठलीही एक तार लॅपटॉपच्या मेटलला, म्हणजे हिंजच्या पट्टीला, स्क्रूला किंवा कीबोर्डखालच्या पत्र्याला लागली की अँप्लिफायर डायरेक्ट शॉर्ट होतो. चिप चांगली असेल तर स्वतःला वाचवायला ती बाजू बंद करून टाकते, आणि आपल्याला दिसतं काय, तर एक स्पीकर मेला. प्रत्यक्षात स्पीकर धडधाकट, चिप धडधाकट, फक्त तारेची साल कुठेतरी निघालेली. वेळेत सापडलं तर शॉर्ट काढून मशीन पूर्ण बंद करून चालू केलं की ती बाजू परत बोलायला लागते. आणि तसंच आवाज वाढवून वाढवून वाजवत राहिलं तर मात्र कधीतरी चिप खरंच जाते. म्हणून हे वाचेपर्यंत व्हॉल्यूम म्यूट ठेव.

तार दबते कुठे? पंधरा इंची बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डवर चार पिनांचं एकच छोटं कनेक्टर असतं, त्यातून दोन तारा जवळच्या स्पीकरला जातात आणि दोन तारा बॅटरीच्या पुढच्या कडेने पलीकडच्या स्पीकरला. त्या लांबच्या तारेसाठी प्लॅस्टिकमध्ये बारीक बारीक खाचा आणि आकडे केलेले असतात. व्हिडिओतला माणूस ती तार नखाने भराभर खाचांत बसवतो, दोन सेकंदांत, आपल्या लक्षातही येत नाही. मग आपण नवीन बॅटरी ठेवतो, तार खाचेच्या बाहेर, बॅटरी नीट बसत नाही म्हणून अंगठ्याने जरा दाबतो, वरून स्क्रू मारतो. झालं. लोकल बॅटरी ओरिजिनलपेक्षा केसभर जाड असेल तर अजूनच. तुझ्यात बंद पडलेला स्पीकर उजवा आहे, आणि कनेक्टर जर डाव्या बाजूला असेल तर माझी पैज त्या बॅटरीखालच्या तारेवरच. बॅटरी उचल आणि तार उजेडात तिरकी धरून बघ. दबलेल्या जागी ती चपटी, चकचकीत दिसते, कधी त्यावर बॅटरीच्या कडेचा सरळ वळ उठलेला असतो. स्क्रूच्या खांबाखाली सापडली असेल तर गोल ठसा दिसतो. वरचं रबर अख्खं दिसलं तरी आतली तार तुटलेली असू शकते, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

मल्टिमीटर घे. नसेल तर शेजारच्या कोणाकडून आण, वायरमनकडे असतोच. बोर्डवरून स्पीकरचं कनेक्टर काढ, पण तारा धरून ओढू नकोस. काही कनेक्टर सरळ वर येतात, काही बोर्डला समांतर मागे सरकतात, आधी नीट बघ आणि मग दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सरकव. जोर लावला तर बोर्डवरचं सॉकेटच उखडून हातात येतं आणि मग दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. मीटर २०० ओहमवर ठेव, आधी दोन्ही टोकं एकमेकांना लाव, जे काही ०.३, ०.४ येईल ते नंतर वजा करायचं. आता सुट्या झालेल्या कनेक्टरच्या पिनांवर जोडी-जोडीने माप. स्पीकरच्या पाठीवर बहुतेक ४ ओहम किंवा ८ ओहम छापलेलं असतं. ४ वाल्याचं रीडिंग साडेतीन ते चारच्या आसपास येतं, ८ वाल्याचं साडेसहा-सात. बरोब्बर छापील आकडा येत नाही म्हणून घाबरू नकोस, मीटर डीसीवर मोजतो, म्हणून कमीच दाखवतो.

डावी जोडी नॉर्मल आणि उजवी जोडी ओपन, म्हणजे स्क्रीनवर नुसता १ किंवा ओएल, असं आलं तर लगेच स्पीकर ऑर्डर करायला जाऊ नकोस. मीटरची टोकं थेट उजव्या स्पीकरच्या अंगावर, जिथे तारा सोल्डर केल्यात त्या दोन ठिपक्यांवर लाव. तिथे ४ आलं आणि कनेक्टरला ओपन आलं, तर स्पीकर जिवंत, मधली तार तुटलीय. तिथेही ओपन आलं तर आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, गेली, मग स्पीकर बदलणं आलं. आणि रीडिंग येतंय पण तार हलवली की येतं-जातं असं असेल तर आतून तुटून एकदोन केसांवर लटकलीय.

आता दुसरं माप, जे घरी करणाऱ्यांपैकी जवळपास कोणीच घेत नाही आणि तुझ्यासाठी तेच महत्त्वाचं. मीटर बीपवर ठेव. एक टोक हिंजच्या मेटलवर, दुसरं टोक सुट्या कनेक्टरच्या चारही पिनांवर एकेक करून. एकाही पिनवर बीप यायला नको. आला, की समज त्या पिनची तार कुठेतरी सोलून मेटलला टेकलीय. हे माप घेताना तार जशी दबलेली आहे तशीच असू दे, बॅटरी जागेवर ठेवून आणि तिचे स्क्रू लावूनच बघ, फक्त तिचं बोर्डचं कनेक्टर सुटं ठेव. तार उचलून हवेत धरून मापलीस तर शॉर्ट गायब होईल आणि तू म्हणशील सगळं ओके आहे. म्हणजे खरं तर हे माप बॅटरी उचलायच्या आधीच घ्यायला हवं, मी लिहिताना क्रम उलटा केला, तू सुलटा कर.

मीटर मिळालाच नाही तर एक गावठी उपाय. स्पीकर बोर्डपासून पूर्ण सुटा असताना, आणि हे पूर्ण सुटा परत एकदा वाच, साध्या पेन्सिल सेलची दोन टोकं त्याच्या दोन तारांना क्षणभर टेकवायची. टक असा आवाज आला तर कॉइल जिवंत. धरून ठेवायचं नाही, नुसतं टेकवायचं.

तार जोडायची झाली तर नुसती पिळून वर चिकटपट्टी मारू नकोस, ठाण्या-ऐरोलीची खाडीची हवा, एका पावसाळ्यात हिरवी पडते. साल काढ, पीळ दे, सोल्डर मार, वर श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. दोन्ही तारांचे जोड एकाच जागी आणू नकोस, एक पुढे एक मागे ठेव, नाहीतर तिथे गाठ होऊन बॅटरी परत त्यावरच बसेल. स्पीकरच्या अंगावर सोल्डर करायची वेळ आली तर दोन सेकंदांत आटप, खालचं प्लॅस्टिक लगेच मऊ होतं. आणि एक गंमत सांगतो, इस्त्रीचं, म्हणजे आमच्या भाषेत सोल्डरिंग आयर्नचं टोक स्पीकरच्या चुंबकाकडे खेचलं जातं. तू ठिपक्यावर नेतोयस आणि टोक आपोआप स्पीकरच्या पडद्याकडे, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या पातळ पापुद्र्याकडे, पळतं. मी आधी चुंबकाच्या बाजूने हाताला काहीतरी टेकू घेतो, मगच नेतो. तारा उलटसुलट जोडल्यास तरी आवाज येईल, पण दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतील, आवाज पोकळ, पातळ होईल आणि बातम्या देणारा माणूस समोर बसल्यासारखा न वाटता कुठेतरी भिंतीकडून बोलल्यासारखा वाटेल. तसं झालं तर एका स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल कर. रंगावर जाऊ नकोस, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे.

आता तुझा डावा. त्याचं दुखणं वेगळं वाटतंय. हळू आवाजात नीट आणि वाढवला की फरफर, म्हणजे बहुतेक काहीतरी थरथरतंय किंवा पडद्याला काहीतरी लागलंय. हिंजसाठी पामरेस्ट, म्हणजे कीबोर्डपुढचा हात टेकायचा भाग, सोडवला असशील तर दोन्ही स्पीकर काढून परत लावले असणार. स्पीकरच्या कानांत, म्हणजे स्क्रूच्या भोकांत, रबराचे छोटे वॉशर असतात, ते काढताना टेबलावर पडतात, तिथून चादरीवर आणि तिथून केरात. वॉशर नसेल तर प्लॅस्टिक प्लॅस्टिकला लागतं आणि पत्र्याच्या डब्यात वाटाणे टाकल्यासारखा आवाज येतो. उलटंही होतं, वॉशर आहे पण स्क्रू इतका पिळलाय की स्पीकर वाकून बसलाय. जाळीच्या बाजूला काळा स्पंज असतो, तो फाटला किंवा दुमडून आत आला तरी हेच.

ओळखायचं कसं? लॅपटॉप उलटा न करता, एकच सूर सलग वाजेल असं काहीतरी लाव, टोन जनरेटरचं फुकट ॲप चालेल, ३०० ते ८०० हर्ट्झच्या मध्ये हळूहळू फिरव. बासरीचा लांब सूरही चालतो. तानपुरा लावू नकोस, माझ्याकडे एक गाणं शिकणाऱ्या काकू आल्या होत्या, त्या तानपुऱ्याच्या ॲपवरच स्पीकर फाटतोय म्हणत होत्या, आता तानपुऱ्याच्या जवारीत ती झणझण असतेच, फाटलेलं कुठलं आणि जवारी कुठली हे मलाही कळेना. तर सूर चालू असताना डाव्या बाजूला पामरेस्ट बोटाने हलका दाब. फरफर थांबली किंवा बदलली तर दोष फिटिंगचा आहे, स्पीकरचा नाही. काहीच फरक पडला नाही तर स्पीकर बाहेर काढून पडद्याकडे बघ.

तिथे दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे लोखंडाचा भुगा. तुटलेलं हिंज काढताना स्क्रू फिरत नाही म्हणून लोक ड्रिल मारतात, कानस घासतात, तो भुगा हवेत उडत नाही, सरळ चुंबकावर जाऊन बसतो. जुनी पितळेची इन्सर्ट, म्हणजे स्क्रू बसायच्या बारीक नळ्या, चिकटत नाहीत पण स्टीलचा कण एकही सुटत नाही. मागे कोपरखैरण्याचा एक मुलगा हरवलेला स्क्रू शोधत आला होता, घरभर झाडू मारून झालेला, आणि स्क्रू त्याच्याच लॅपटॉपमध्ये स्पीकरच्या पाठीला चिकटून बसलेला. तुझा एखादा स्क्रू कमी पडला असेल तर आधी तिथे बघ. भुगा फुंकर मारून निघत नाही आणि हवेचा पंप तर अजिबात मारू नकोस, पडदा फाटतो. लहान मुलांची खेळायची क्ले असते ना, तिची चिमूटभर बत्ती करून हळू टिपत जा.

दुसरी गोष्ट गम. हिंजची जागा फुटलेली असते म्हणून तिथे झटपट चिकटणारा पातळ गम ओततात. तो पाण्यासारखा पळतो, आणि त्याची वाफही जवळच्या गोष्टींवर पांढरी साय धरते. पडद्याच्या कडेची मऊ पट्टी त्याने कडक झाली की आवाज फाटणारच, त्याला इलाज नाही, स्पीकर बदलायचा. हिंजसाठी दोन भाग मिसळायचा घट्ट इपॉक्सी वापरावा, आणि तो सुकेपर्यंत लॅपटॉप मिटायचा नाही. पडदा तपासताना दोन बोटांनी कडेला अगदी हलका, सारखा दाब दे. खरखर जाणवली तर आतली कॉइल घासतेय, तोही गेला.

स्पीकर घ्यायचाच झाला तर मॉडेलच्या नावावर घेऊ नकोस, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे येतात. पाठीवरचा पार्ट नंबर, ओहम, वॅट, तारेची लांबी आणि कनेक्टरचा फोटो, हे सगळं घेऊन जा. ४ च्या जागी ८ ओहमचा लावला तर आवाज बारीक येईल, चालेल. ८ च्या जागी ४ चा लावू नकोस, अँप्लिफायरवर लोड येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार असशील तर ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि जुना स्पीकर हातात घेऊनच जा, तोंडी वर्णनावर दुकानदार जे देईल ते परत घेणार नाही.

दोन्ही तारा ठीक, दोन्ही स्पीकर ठीक, कुठे शॉर्ट नाही, सॉकेट हलत नाही, आणि चांगला स्पीकर उजव्या पिनांवर लावूनही आवाज नाही, असं झालं तरच मी आयसी म्हणेन. ती घरी बदलायच्या भानगडीत पडू नकोस, हॉट एअर आणि मायक्रोस्कोपचं काम आहे, त्यातून बाजूचे बारीक कपॅसिटर उडाले की मशीनच जाईल. तेवढा खर्च करायचा नसेल तर यूएसबीचं साधं साउंड कार्ड लावून बाहेरचा स्पीकर चालव, कॉलेज निघून जाईल.

फुगलेली जुनी बॅटरी अजून कपाटात असेल तर तिला टोचू-दाबू नकोस, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नकोस, ई-वेस्ट घेणाऱ्याकडे दे.

तर आज रात्री एवढंच कर: बॅटरी जागेवर ठेवून चारही पिनांचं मेटलशी बीप माप, मग दोन्ही जोड्यांचं ओहम, कनेक्टरवर आणि स्पीकरवर, आणि ते आकडे मला कळव. सोबत बॅटरी उचलल्यावर खालच्या तारेचा एक फोटो, टॉर्च बाजूने तिरका मारून. जमत नसेल तर मशीन घेऊन ये, ऐरोली ते ठाणे ट्रेनने मध्ये फक्त दिघा गाव स्टेशन लागतं. काढलेले स्क्रू एका डबीत घालून सगळे आण, लांब कुठला आणि आखूड कुठला ते मला लावायचंय. सोमवारी दुकान बंद असतं.